'चाफा'ला आलेला फोन

१

फोन पौर्णिमेचा होता, पण उचलला तिच्या सासूनं.

पौर्णिमा तेव्हा मळ्यात होती. हिवरखेडच्या शिवारात त्यांची केळीची बाग. मजूर घड उतरवत होते आणि व्यापाऱ्याची गाडी यायची होती. मोबाइल घरी, स्वयंपाकघरात चार्जिंगला लावलेला. सुनेच्या फोनला हात लावायची माणिकबाईंना सवय नव्हती. पण तो वाजायचा थांबेना. गाडीवाल्याचा असेल म्हणून त्यांनी हात पदराला पुसले आणि फोन घेतला. कानानं कमी ऐकू येई, म्हणून स्पीकर लावला.

पलीकडून एका मुलीचा गोड, पुस्तकी आवाज आला.

"नमस्कार मॅडम. आपण मोर्शी तालुक्यातल्या हिवरखेडहून बोलताय ना?"

"हिवरखेडच हाय. पन मोर्शी नाई वो, तेल्हारा."

"बरं मॅडम." मुलगी पुढं वाचतच गेली. "मूल होण्यासाठी उपचार घेणाऱ्या जोडप्यांचा आम्ही सर्व्हे करतोय. आपल्या केसमध्ये दोष मिस्टरांमध्ये आहे, आपल्यात नाही, असं आमच्याकडे आहे. तर आपण सध्या कोणत्या कंपनीची औषधं घेता?"

माणिकबाईंना आधी काही कळलंच नाही. "कोनाची केस?"

"आपलीच मॅडम. नाव इथं 'चाफा' असं दिसतंय. नंबर हाच आहे."

ओसरीवर दोन मजूर पाणी प्यायला आले होते. त्यांचे पेले हातातच राहिले. आणि त्यांच्या मागं, दारात, श्याम उभा होता. माणिकबाईंचा एकुलता एक मुलगा, पौर्णिमेचा नवरा.

त्यानं सगळं ऐकलं होतं. तो आईकडे बघत राहिला, आईही त्याच्याकडे. इतकी वर्षं घरात पाळणा हलला नाही म्हणून माणिकबाईंनी सुनेला काय काय ऐकवलं होतं, ते त्या दोघांनाही ठाऊक होतं. हळदीकुंकवाला तिला मागं बसवलं होतं. शेजारच्या बाळाच्या बारशाला तिला नेलंच नव्हतं. आणि पौर्णिमा कधी एका शब्दानं उलटून बोलली नव्हती.

पौर्णिमा घरी आली तेव्हा अंगणात मोटारसायकल नव्हती. श्यामचा फोन बंद होता. जाताना आईला तो एवढंच म्हणाला होता, "तिनं गावभर केलं, माय."

पौर्णिमा भिंतीला टेकून उभी राहिली. तिनं गावभर केलं नव्हतं. सख्ख्या आईलाही सांगितलं नव्हतं. साऱ्या जगात तिनं ते एकाच ठिकाणी लिहिलं होतं. आणि त्या ठिकाणच्या पहिल्याच पानावर ठळक अक्षरांत लिहिलेलं होतं: तुमची गोष्ट इथून बाहेर जाणार नाही.

२

अ‍ॅडव्होकेट गीतांजली हिंगणकर अकोल्यात ग्राहकांचे खटले चालवायच्या. फसव्या बियाण्यांच्या कंपन्यांपासून विमावाल्यांपर्यंत अनेकांनी त्यांची धास्ती घेतली होती. त्यांचा आवाज कधी चढत नसे. समोरच्याला बोलू द्यायचं, मध्ये एखादा साधा, बावळट वाटावा असा प्रश्न विचारायचा, आणि मग बडीशेपेची डबी पुढं करायची, ही त्यांची रीत. वडील एसटीत वाहतूक नियंत्रक होते. बाईंचं लहानपण अकोला डेपोच्या क्वार्टरमध्ये, गाड्यांच्या घोषणा ऐकत गेलं होतं.

पौर्णिमा कॉलेजात त्यांच्या एक वर्ग मागं, एकाच होस्टेलवर होती. फोनच्या दुसऱ्या दिवशी ती अकोल्याला त्यांच्या समोर येऊन बसली.

"मले काही नुकसानभरपाई नको, ताई," ती म्हणाली. "मले फक्त समजलं पायजे का हे कोनं केलं. ह्यांले वाटते मी केलं."

"तू नेमकं कुठं लिहिलं होतं?"

"'मनमोकळं' म्हनून वेबसाइट हाय, अमरावतीची. बायांसाठी. डॉक्टर प्रतीक्षा इंगोले चालवतात. खरं नाव सांगा लागत नाही. टोपणनाव घ्याचं, गावाचं नाव टाकाचं आन मोबाइलवर नंबर येते तो भराचा. मग काही पन विचारा. मी चाफा नाव घेतलं होतं."

"उत्तर मिळालं?"

"लय चांगलं मिळालं." पौर्णिमेचे डोळे भरले. "म्हनूनच तर जास्त लागलं."

गीतांजलीबाईंनी तिथूनच माणिकबाईंना फोन लावला. म्हातारी रडून रडून घसा बसवून बसली होती, पण फोनवरचा संवाद तिला शब्द न् शब्द आठवत होता. मोर्शीची चूक, सर्व्हे, चाफा हे नाव, सगळं तिनं सांगितलं. बाईंनी मध्ये एकदाच थांबवलं.

"मोर्शी तालुका असं तीच म्हणाली? तुम्ही सांगायच्या आधी?"

"हो ना वो. मले वाटलं राँग नंबर हाय. तसंच ठेवून द्याचा होता मी. ठेवला असता त बरं झालं असतं."

बाईंनी आलेल्या नंबरवरून फोन करणारी कंपनीही शोधली. नागपुरातली बाजार सर्वेक्षणाची कंपनी. तिथल्या साहेबांनी नम्रपणे सांगितलं की माहिती आम्ही रीतसर विकत घेतो, कायदेशीर करार असतो, आणि देणाऱ्याचं नाव कोर्टाच्या हुकमाशिवाय सांगता येणार नाही. वर त्यांनी अशा आवाजात विचारलं, जणू उपकारच करत होते, "आपल्याला तालुकावार मिळेल. हवी आहे का?"

गीतांजलीबाईंनी फोन ठेवला आणि पौर्णिमेकडे पाहिलं.

"तू एकटी नाहीस, पौर्णिमा. ह्यांच्याकडे अख्खं वऱ्हाड आहे."

३

'मनमोकळं'चं ऑफिस अमरावतीत राजापेठेत होतं. खाली मोबाइलची दुकानं, मधल्या मजल्यावर ट्यूशन क्लास, आणि त्याच्या वर दोन खोल्या. जिन्यात पोरांच्या चपलांचा खच. वर मात्र शांत होतं.

डॉक्टर प्रतीक्षा इंगोले स्वतः दार उघडायला आल्या. स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणून त्यांचं शहरात नाव होतं. पण दवाखान्यात बायका नवऱ्याच्या किंवा सासूच्या देखत खरं बोलत नाहीत, हे बघून त्यांनी ही वेबसाइट काढली होती. टेबलावर संत्र्यांची टोपली होती. त्यांनी दोन संत्री बाईंच्या पुढं सरकवली.

सगळं ऐकल्यावर त्यांचा चेहरा उतरला.

"चाफा," त्या म्हणाल्या. "तेल्हाऱ्याकडची. मी बोलले आहे तिच्याशी फोनवर. त्या वेळी वाऱ्यानं तिची केळी आडवी झाली होती, तरी ती नवऱ्याचीच काळजी करत होती." मग त्यांनी विचारलं, "हे आमच्याकडूनच गेलं, असं नक्की आहे?"

"चाफा हे नाव दुसरीकडे कुठंच नाही."

डॉक्टरांनी संत्र्यांची टोपली बाजूला सारली. म्हणाल्या, "इथलं सगळं बघू शकणारी माणसं चारच. मी, पायल, माझा धाकटा भाऊ विपुल, आणि वेबसाइट बांधणारा चंदन. तो अकोल्याला असतो. तुम्ही कोणालाही, काहीही विचारा. मलाही."

पायल बाहेरच्या खोलीत बसे. आलेले प्रश्न वाचून डॉक्टरांकडे पाठवायचे आणि उत्तरं सोप्या भाषेत लिहायची, हे तिचं काम. माहेर अकोटचं. म्हणजे हिवरखेडच्या शेजारचंच, आणि उत्तराखाली तिचं नाव-गाव वाचलेल्या पौर्णिमेला पहिला संशय तिचाच आला होता. ओळखीपाळखीतून बाहेर गेलं असेल, असं तिला वाटत होतं.

"चाफानं काय लिहिलं होतं ते वाचायला मिळेल?" बाईंनी विचारलं.

"नाही," पायल म्हणाली.

"मी तिची वकील आहे."

"असाल ताई. पन ते तिचं हाय. तिले फोन लावून द्या, ती हो म्हनली त वाचते."

फोन लावला. पौर्णिमा हो म्हणाली. मगच पायलनं स्क्रीन वळवली. बाईंनी वाचलं:

आमच्या घरी मलाच बोलतात. बोलू द्या, मला त्याचं काही नाही. पण रिपोर्ट आल्यापासून हे रात्र रात्र जागे असतात. जेवत नाहीत. मला मूल नसलं तरी चालेल. ह्यांना धीर देईल असा डॉक्टर सांगा.

गीतांजलीबाईंनी चष्मा काढून पुसला.

"मला पौर्णिमेच्या घरी जायचं आहे," त्या उठता उठता म्हणाल्या. "इथून हिवरखेडला कसं जाऊ?"

"दर्यापूर करून अकोट गाठा, ताई. अकोटच्या पुढं हाय," पायल म्हणाली.

विपुल तेवढ्यात जिना चढून आला. तरतरीत, हसरा, हातात हेल्मेट. माहिती बाहेर गेल्याचं डॉक्टरांनी त्याला फोनवर कळवलं होतं. ऑफिसचा कारभार, जाहिराती, बाहेरच्या भेटीगाठी तो बघायचा. ताईचं नाव घेताना त्याच्या आवाजात खरा अभिमान होता.

"मॅडम, ताईनं ह्या साइटसाठी स्वतःची चालती प्रॅक्टिस अर्ध्यावर आणली," तो म्हणाला. "औषध कंपन्या मागं लागल्या होत्या, ताईनं उभं केलं नाही. मले विचाराल त हे काम चंदनचं. साइटच्या चाव्या त्याच्याकडे. आन तो सोडून जाऊन राहिला, हे सांगतलं का तुमाले कोनी?"

"नाही. कुठं जातोय?"

"पुण्याच्या एका डेटा कंपनीत." विपुलनं शब्द जपून टाकला. "योगायोग म्हना."

आतून आलेल्या डॉक्टरांनी चमकून भावाकडे पाहिलं. त्यांना हे ठाऊक नव्हतं.

बाईंनी बडीशेपेची डबी पुढं केली. "चांगलं सांगितलंत. बघते त्याच्याकडे. त्याआधी हिवरखेडला जाऊन येईन म्हणते. गाडी माझी जुनी आहे, रस्ता बरा आहे ना?"

"एकदम मस्त. मोर्शीपर्यंत त काही प्रश्नच नाही. पुढंही चांगलाच झाला आता. चहा घेता?"

"घेते की," बाई म्हणाल्या.

४

अकोल्याला परत येताना वाटेत मूर्तिजापूर लागतं. श्यामची बहीण तिथं दिलेली होती, आणि तो तिथंच असणार हा पौर्णिमेचा अंदाज बरोबर निघाला. स्टेशनच्या बाजूला, बहिणीच्या घरासमोरच्या कडुलिंबाखाली तो एकटाच बसला होता. दाढी वाढलेली.

"मी तुम्हाला परत न्यायला आलेली नाही," गीतांजलीबाई म्हणाल्या. "तुमच्या बायकोनं काय लिहिलं होतं, तेवढं सांगायला आले. तिनं परवानगी दिली आहे."

त्यांनी ते शब्द तसेच्या तसे सांगितले. श्याम खाली बघत राहिला. ह्यांना धीर देईल असा डॉक्टर सांगा, या वाक्याशी त्याचा हात गुडघ्यावरून घसरला.

"मीच म्हनलं होतं तिले," तो म्हणाला. "का मायले सांगू नोको. दुनियेले सांगू नोको. तिले बोलनं खाऊ दिलं मी, मॅडम. समोर बसून जेवत राह्यलो."

बाईंनी त्याला काही उपदेश केला नाही. पाण्याची बाटली त्याच्याजवळ ठेवली आणि त्या निघाल्या.

चंदन निंबोकार अकोल्यात जठारपेठेत राहायचा. अकोटच्या माळ्याचा मुलगा. बाप भाजीचा अडत्या, आणि चंदननं घरच्या गच्चीवरच्या खोलीत बसून 'मनमोकळं' बांधली होती. बाईंना बघून तो गडबडला.

"हो, पुण्याची नोकरी आहे," त्यानं लगेच कबूल केलं. "ताईंना सांगायचा धीर झाला नाही. त्यांनी मले फार जीव लावला. पन मी तिथून काही नेलं नाही. नेलं असतं त मले पकडणंही सोपं नसतं, हे तुमाले सांगून ठेवतो."

"फारच प्रामाणिक बोलता."

"खरं ते सांगतो. नोंदी बघा तुमी. पन नोंदीत काही सापडणार नाही, कारन चौघांनाही रोज ती माहिती उघडाच लागते. कोनं उघडली ह्यावरून काही समजत नाही."

"मग कशावरून समजेल?"

चंदननं खांदे उडवले.

बाईंनी खिडकीतून खाली भाजीच्या गाड्यांकडे बघत विचारलं, "सभासद होताना तुम्ही बाईला काय काय विचारता?"

"कमीत कमी. ताईंचा हट्टच होता तसा. टोपणनाव, गाव, मोबाइल नंबर. बस."

"पत्ता? पिनकोड?"

"नाही."

"तालुका?"

"तालुका विचाराची जागाच नाही तिथं. मी म्हनलं होतं ठेवू, ताई म्हनल्या गाव पुरे."

गीतांजलीबाई वळल्या. त्यांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच समाधान दिसत होतं.

"हिवरखेडला कसं जायचं हो, चंदन?"

"अकोटवरून, मॅडम. आमच्या गावावरूनच रस्ता जाते. कावून?"

"सहज."

खाली येऊन त्यांनी रस्त्यातूनच डॉक्टर प्रतीक्षांना फोन लावला. उद्या दुपारी सगळ्यांना बसवून ठेवायला सांगितलं. मग विचारलं, "डॉक्टर, तुमचं माहेर कुठलं?"

"वरुड," डॉक्टर म्हणाल्या. "घरची संत्र्याची बाग आहे. का?"

बाई रस्त्याच्या कडेला सरकल्या.

"ज्यानं माहिती विकली, तो वरुड-मोर्शीकडचा माणूस आहे, म्हणून."

५

राजापेठेतल्या त्या खोलीत दुसऱ्या दिवशी पाच माणसं जमली होती. डॉक्टरांचा रात्रभर डोळ्याला डोळा लागलेला नव्हता, हे कोणालाही दिसलं असतं. चंदन कोपऱ्यात, पायल दाराजवळ. विपुल खिडकीला टेकून उभा.

"फोन करणारी मुलगी समोरचं वाचत होती," गीतांजलीबाईंनी सुरुवात केली. "तिच्यापुढं लिहिलेलं होतं, हिवरखेड, तालुका मोर्शी. आमची पौर्णिमा तेल्हारा तालुक्यातली. हिवरखेडं दोन आहेत. आमच्या डेपोत चौकशीच्या खिडकीवर कोणी हिवरखेडची गाडी विचारली, की खुर्चीतला माणूस आधी विचारायचा, कोणतं?"

"म्हणजे कंपनीनंच चूक केली," विपुल म्हणाला.

"मलाही आधी तसंच वाटलं. पण नागपुरात बसलेला माणूस नकाशा उघडून बघेल. त्याला दोन गावं दिसतील आणि तो थांबेल, विचारेल. एकच हिवरखेड ज्याला माहीत आहे, तोच न थांबता तालुका लिहून मोकळा होतो. कंपनी माहिती तालुकावार विकते. तुमची वेबसाइट तालुका विचारतच नाही. तेव्हा विकणाऱ्यानं गावांची नावं वाचत वाचत स्वतःच्या डोक्यानं तालुके भरले. आपल्याला जे गाव लहानपणापासून माहीत असतं, त्याबद्दल माणूस शंका घेत नाही."

त्यांनी पायल आणि चंदनकडे पाहिलं.

"पायल अकोटची, चंदन अकोटचा. दोघांनी मला अकोटचा रस्ता सांगितला. त्यांच्या डोक्यात हिवरखेड म्हणजे तेल्हाऱ्याचं. त्यांनी मोर्शी लिहिलं नसतं."

"राहिलो आम्ही दोघं," डॉक्टर हळू म्हणाल्या. "मी आणि विपुल. आम्ही वरुडचे. माझ्या मनात हिवरखेड म्हणजे मोर्शीचंच होतं."

"होतं. पण चाफा तुमच्याशी बोलली, तिच्या आडव्या झालेल्या केळीबद्दल बोलली. मी नुसतं नाव घेतलं, तर तुम्हीच म्हणालात, तेल्हाऱ्याकडची. तुमच्यासाठी ती नुसतं टोपणनाव नव्हती, डॉक्टर. तिला तुम्ही चुकीच्या तालुक्यात घातलं नसतं."

मग त्या विपुलकडे वळल्या. आवाज तोच, मऊ.

"तुम्ही मला काल मोर्शीचा रस्ता सांगितलात. पौर्णिमेच्या घरी जायचा."

विपुलनं हसायचा प्रयत्न केला. नंतर त्यानं बहिणीकडे पाहिलं, आणि त्याच्यानं हसवेना.

"नावं दिली नाहीत मी," तो म्हणाला. "टोपणनावं होती, ताई. टोपणनावाचं काय बिघडते? सगळेच विकतात. आन खाली अटींमध्ये मी ओळ टाकली होती, सहयोगी संस्थांना माहिती दिली जाऊ शकते म्हनून. कायद्यानं..."

"त्या नंबरवर फोन लावला की बाई उचलते, विपुल," डॉक्टर म्हणाल्या. "किंवा तिची सासू."

"साइट बंद पडून राहिली होती. तुले सांगतलं असतं त तू माह्यं ऐकलं नसतं. हे चाललं पायजे म्हनून केलं मी. तुह्यासाठीच."

"माझ्यासाठी केलं असतंस, तर मला लपवलं नसतंस."

त्या रडल्या नाहीत. उठल्या, आणि पायलच्या खुर्चीवर जाऊन बसल्या. त्यांनी कीबोर्ड जवळ ओढला.

"चंदन, सगळ्या सभासदांना एकदम निरोप जाईल ना?"

"जाईल, ताई."

"ताई, असं नोको करू," विपुल पुढं आला. "साइट संपेल. तुह्यं नाव जाईल."

"जाऊ दे."

त्यांनी आडपडदा न ठेवता लिहिलं. तुमची माहिती आमच्या घरातल्या माणसानं विकली. मी मालकीण आहे, म्हणून जबाबदारी माझी. आपल्यातल्या एकीच्या घरी तसा फोन गेलाही. कोणत्याही सर्व्हेच्या फोनला उत्तर देऊ नका. ज्यांना तक्रार करायची आहे, त्यांच्या बाजूनं मी साक्ष देईन, माझ्या भावाविरुद्धसुद्धा. खाली स्वतःचं पूर्ण नाव आणि मोबाइल नंबर टाकला.

"पाठवू?" त्यांनी गीतांजलीबाईंना विचारलं.

"पाठवा. पण आत्ताच काहीही पुसू नका. जे झालं त्याचा पुरावा आधी जपून ठेवा, मग बायकांची माहिती काढून टाका."

"ते मी करतो," चंदन म्हणाला. "पुण्याले थोडं उशिरा गेलो तरी चालते."

निरोप गेला. पहिला फोन वाजायला फार वेळ लागला नाही. कोणीतरी धारणीकडची बाई होती, आणि ती ओरडत होती. डॉक्टरांनी तिचं सगळं ऐकून घेतलं. मध्ये एकदाही तोडलं नाही. शेवटी म्हणाल्या, "तुम्ही बरोबर बोलताय, ताई." फोन ठेवला, तोच दुसरा वाजला.

गीतांजलीबाई जिना उतरून गेल्या, तेव्हाही त्या फोनवरच होत्या.

६

दोन दिवसांनी डॉक्टर प्रतीक्षा हिवरखेडला आल्या, अकोटच्या रस्त्यानं, गीतांजलीबाईंना सोबत घेऊन. घरात आल्या आल्या त्यांनी पौर्णिमेचे हात धरले. काय बोलायचं ते त्या ठरवून आल्या होत्या. पण पौर्णिमाच म्हणाली, "बसा, डॉक्टर. पाणी घ्या आधी."

शेजारच्या गोदाबाई निमित्त काढून आल्या होत्या. गावात बातमी कधीच पसरली होती, आणि गोदाबाईंना ती घरच्यांच्या तोंडून ऐकायची होती.

"काय वो माणिकबाई," त्या म्हणाल्या, "लोकं काय काय बोलून राहिले. श्यामबद्दल."

पौर्णिमेनं मान खाली घातली. सवयीनं ती स्वतःवर घ्यायला निघाली होतीच. तोंड उघडणार, एवढ्यात माणिकबाईंनी हातातलं सूप खाली ठेवलं.

"खरं हाय ते," त्या म्हणाल्या. "दोष माह्या लेकात हाय. आन माह्या सुनेनं इतके वर्षं तो आपल्या अंगावर घेतला. बोलली मी होती. आता कोनाले बोलाचं असन त मले बोला."

गोदाबाईंनी पदर सावरला. त्या आल्या तशा निघून गेल्या. माणिकबाईंनी पुन्हा सूप घेतलं. पौर्णिमा जाऊन त्यांच्या शेजारी बसली आणि तांदळातले खडे वेचू लागली.

मग गीतांजलीबाईंनी कामाचं काढलं. वेबसाइटच्या बायकांपैकी बऱ्याच जणींनी डॉक्टरांना शिव्या दिल्या होत्या, काहींनी खातं बंद केलं होतं. पुष्कळजणींनी 'जिच्या घरी फोन गेला, ती कशी आहे' एवढंच विचारलं होतं. पण पोलिसांत तक्रार द्यायला कोणी तयार नव्हतं. तक्रार म्हणजे खरं नाव, आणि खरं नाव म्हणजे पुन्हा तेच. तक्रारीशिवाय नागपूरची कंपनी मोकळी राहणार होती.

"तुझ्यावर जोर नाही," बाई पौर्णिमेला म्हणाल्या. "तू आधीच फार सोसलंस."

पौर्णिमेनं थोडा विचार केला. "माह्यं त आता सगळ्यायले माहीत झालं, ताई. ज्यायचं अजून झालं नाही, त्यायच्यासाठी कोनीतरी जायलेच पायजे ना."

डॉक्टर प्रतीक्षा तिच्याकडे बघत राहिल्या. पुढं कितीतरी दिवस त्या हे वाक्य लोकांना सांगत असत.

सोमवारी पौर्णिमा अकोल्याला सायबर पोलिसांकडे गेली. सोबत गीतांजलीबाई आणि डॉक्टर. बाकावर बसून त्या आपला नंबर लागायची वाट बघत होत्या. आत बोलावलं. टेबलामागं एक तरुण महिला अधिकारी होती. तिनं सगळं नीट ऐकलं, मध्ये काही वावगं विचारलं नाही, आणि संगणकाकडे वळली.

"तक्रारदाराचं नाव सांगा."

पौर्णिमेनं श्वास घेतला. "पौर्णिमा श्याम गावंडे."

"आणि जी माहिती विकली गेली, ती नेमकी कशाबद्दल होती?"

पौर्णिमा थांबली. घरी सांगणं वेगळं होतं. इथं टेबलापलीकडे परकी माणसं होती, दारात एक शिपाई उभा होता. शब्द तिच्या ओठांवर आला आणि अडला. अजूनही तिला तो श्यामसाठी जपायचा होता.

"माह्याबद्दल होती, मॅडम," मागून आवाज आला.

श्याम दारात उभा होता. आईचा निरोप मिळताच मूर्तिजापूरहून थेट आलेला, अंगात चुरगळलेला शर्ट. शिपायानं त्याला अडवलं नाही. तो टेबलापाशी आला, पौर्णिमेच्या शेजारची खुर्ची ओढून बसला. तिच्याकडे बघायची त्याला अजून हिंमत होत नव्हती. तो अधिकाऱ्याकडेच बघत राहिला.

"रिपोर्ट माह्या हाय," तो म्हणाला. "दोष माह्यात हाय. हिचा काही संबंध नाही. तक्रारीत माह्यंही नाव लिवा. पयलं माह्यं लिवा."

अधिकारी बाईंनी पौर्णिमेकडे पाहिलं. "लिहू?"

पौर्णिमेनं पदर तोंडाला लावला होता. तिनं नुसती होकारार्थी मान हलवली, आणि टेबलाखाली नवऱ्याचा हात शोधला.